भिंगबाई आणि बारीकरावांचं दुधी पाणी

भिंगबाईंच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक भिंग असे. होतं ते कामासाठीच, पण कामापुरतंच वापरलं तर त्या भिंगबाई कसल्या! बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, शेजारणीनं आणून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट, होणाऱ्या जावयाचं पदवीचं प्रमाणपत्र, सगळं त्या भिंगाखालून गेलेलं. एकदा दवाखान्यात रक्तदाब अगदी व्यवस्थित आहे असं सांगितल्यावर बाईंनी विचारलं होतं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" तेव्हापासून त्या दारात दिसल्या की नर्स आतूनच ओरडायची, "तपासलंय हो बाई, कालच तपासलंय!" त्यावर बाई म्हणायच्या, "कुणी?"

नोकरी तेलक्षेत्राच्या लॅबमध्ये. लॅब म्हणजे पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या: एकीत पंप, एकीत ओव्हन आणि एकीत दगड. जमिनीखाली तेलाचं तळं असतं अशी शाळेतल्या चित्रांनी करून दिलेली समजूत आधी डोक्यातून काढून टाकावी. तळंबिळं काही नसतं. असतो दगड, विटेसारखा सच्छिद्र, आणि त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत तेल चिकटून बसलेलं असतं. सुरुवातीला ते आपल्या जोरानं वर येतं. मग जोर ओसरतो आणि खारं पाणी ढकलून त्याला हुसकावं लागतं. तरीही निम्म्याहून जास्त तेल दगडाला मिठी मारून आतच राहतं. ही मिठी कशी सोडवायची, एवढ्या एका प्रश्नावर त्या तीन खोल्या चालत होत्या.

तेलाच्या विहिरीतून काढलेल्या दगडाचे अंगठ्यापेक्षा जरा जाड तुकडे कापायचे. त्यांना कोअर म्हणतात. ते तेलात बुडवून कोमट ओव्हनमध्ये आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचे, म्हणजे जमिनीखालच्यासारखं तेल त्यांच्या अंगात भिनतं. मग एकेक कोअर पोलादी नळकांड्यात घट्ट बसवून त्यातून पंपानं खारं पाणी हळूहळू दाबायचं. पलीकडून जे बाहेर पडतं ते रेघा आखलेल्या काचेच्या नळीत जमतं: खाली पाणी, वर तेल. दोघांच्या मधली सीमा नेमकी कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचं. हे वाचन बाईंचं. साहेब बदलले, पंप बदलले, नळीपुढे डोळा लावून बसणारी बाई तीच राहिली.

संशय त्यांच्या स्वभावात जन्मापासून नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षांत त्या कुणाच्याही बोलण्यावर माना डोलावणाऱ्या होत्या. मग गावात गुलाबी पाणी आलं. बाहेरून आलेल्या कुठल्याशा तज्ज्ञानं ते आणलं होतं. विहिरीत सोडलं की तेल दुप्पट होणार म्हणत होते. लॅबमध्ये एक छानसा प्रयोग झाला, टाळ्या वाजल्या, बाईंनीही वाजवल्या. पुढे कळलं की प्रयोगाचा दगड तेलात नीट मुरवलेलाच नव्हता. त्यातून तेल फुंकरीनंही निघालं असतं. पण तोवर गुलाबी पाणी विहिरीत गेलं होतं आणि आत त्याचा चीक होऊन विहीर कायमची तुंबली होती. त्या विहिरीवर बाईंचा नवरा कामाला होता. विहीर बंद झाली, माणसं पांगली, नवरा दूरच्या तेलक्षेत्रावर गेला. तिथून तो सुट्टीपुरता यायचा, पाहुण्यासारखा. शेवटी आला तो आजार घेऊनच, आणि फार दिवस राहिला नाही. बाईंनी त्यानंतर कशालाच टाळ्या वाजवल्या नाहीत.

अशा बाईंच्या लॅबमध्ये नवं पाणी घेऊन कोण यावं, तर त्यांचाच जावई!

लेक शाळेत गणित शिकवायची. तिनं स्वतःच शोधलेला हा मुलगा. उंच, वाकून चालणारा, बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघणारा. विद्यापीठात त्यानं नॅनोकणांवर काम केलं होतं. नॅनोकण म्हणजे वाळूच्याच जातीचे कण, पण इतके बारीक, की दगडाच्या छिद्रातून सहज आरपार जावेत. पाण्यात घातले की पाणी किंचित निळसर दुधी दिसतं. हे कण तेल आणि दगड यांच्या मधल्या फटीत पाचरीसारखे शिरतात आणि तेल सोलून काढतात, असं त्याचं म्हणणं. लॅबमध्ये त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी बारीकराव पडलं. तो हंगामी म्हणून आला होता. दुधी पाण्याचे आकडे चांगले आले तर अहवाल वर जाणार, पाणी एका खऱ्या विहिरीत सोडलं जाणार आणि बारीकराव कायम होणार. त्या अहवालावर नळी वाचणारीची सही लागायची, म्हणजे सासूची.

"माझ्या लॅबमध्ये शिरायला म्हणून तर लग्न केलं नाही ना यानं?" बाईंनी लेकीला विचारलं होतं.

"आई, तुझ्या लॅबमधून पळायला लोक लग्न करतील. शिरायला कोण करेल?"

लॅबमध्ये तो त्यांना मॅडम म्हणायचा आणि घरी आई. बाईंना दोन्ही खटकायचं. इतका चटकन शब्द बदलणारा माणूस आणखी काय काय चटकन बदलत असेल?

पहिल्या कोअरला खारं पाणी देऊन झालं. तेल यायचं थांबलं. मग दुधी पाणी दिलं आणि नळीत दोन रेघा जास्तीचं तेल जमलं. वाईट नाही, पण नाचण्यासारखंही नाही. बाईंनी दोन लिहिले. नंतर पाणी भरायच्या पोलादी सिलिंडरचं झाकण त्यांनी सहज उघडलं, तर आतल्या कडेला तेलाचा एक डाग. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पाण्याच्या सिलिंडरमध्ये तेल कशाला? आधीच आत तेलाचे थेंब सोडून ठेवले, की ते पाण्याबरोबर दगडातून जाऊन पलीकडे नळीत येणार आणि दगडानंच दिलं असं दिसणार. गुलाबी पाणीवाल्यालासुद्धा हे सुचलं नसतं!

खरं तर तो डाग आधीच्या कुठल्या तरी प्रयोगाचा असू शकला असता. असे डाग एकदोनदा धुतल्यानं पुरते निघत नाहीत. पण बाईंना हे तेव्हा सुचलं नाही, कारण सुचवून घ्यायचं नव्हतं.

कोठीवाले काका सामानाच्या खोलीत बसत. जाड चष्मा, मंद हालचाल, जीभ मात्र तेज.

"भिंगबाई, आज कुणाला पकडलं?"

"अजून नाही. पकडीन."

"जावयाला पकडू नका म्हणजे झालं. लेक परत येईल घरी. खोली रिकामी आहे का?"

 हा टोला वर्मी बसला. हा मनुष्य खोटारडा निघाला तर लेकीचा संसार काय राहणार? आणि आज हे लपवून ठेवलं तर आणखी एक विहीर तुंबणार, आणखी कुणाचा नवरा पाहुणा होणार. दोन्हीकडून घर मोडायचं ते मोडायचंच, मग खरं काय ते आधी कळू दे.

त्या दिवसापासून जावई संध्याकाळी गेला की बाई मागे थांबू लागल्या. रीतीप्रमाणे सिलिंडर द्रावकानं आणि मग गरम खाऱ्या पाण्यानं धुतात. बाईंना तेवढं पुरेना. त्यांनी घरून भांडी घासायचा पिवळा पातळ साबण आणला आणि सिलिंडर, त्याचा दट्ट्या, दट्ट्याची रबरी कडी, झाकणाच्या खाचा असं सगळं घासून घासून काढलं. कोअरला साबण लागू द्यायचा नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं त्यांनीच. पण सिलिंडर म्हणजे काही कोअर नव्हे. आणि त्यांनी विसळलंही होतं की चांगलं! आता घाल म्हणावं तेल, कुठे घालतोस बघू.

दुसऱ्या कोअरला चार रेघा आल्या.

बाईंनी रेघा पुन्हा मोजल्या. जावई मागे उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "किती, मॅडम?"

"तुम्हाला किती हवे होते?"

"असं काय विचारता? जे असतील ते."

"चार."

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "चार? एवढे कसे?"

किती छान नाटक, बाईंच्या मनात आलं. तेलाच्या सीमेवर फेसाचं एक पांढरं बारीक कडं होतं. ते त्यांनी पाहिलं आणि दुधी पाण्याचा गुण म्हणून सोडून दिलं. त्यांचं सगळं लक्ष जावयाच्या हातांकडे होतं. धुतल्यावर कमी यायला हवं होतं, उलट वाढलं. म्हणजे त्याला कळलं की आपल्यावर नजर आहे, आणि यानं दुसरी युक्ती काढली. तिसऱ्या वेळी बाईंनी दुप्पट साबण घेतला. नळ्यासुद्धा आतून धुतल्या.

तिसऱ्या कोअरला पाच रेघा!

साहेब खूष. साहेब म्हणजे लॅबचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, कुणाशी वाकडं न घेता दिवस काढणारे गृहस्थ. "अहवाल तयार करा," ते जावयाला म्हणाले. "बाई, तुमची सही झाली की वर पाठवू. वाट बघताहेत तिकडे. विहीरसुद्धा ठरली म्हणे."

"आणखी एक कोअर होऊ द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला? तीन झाले की."

"चौथा होऊ द्या."

साहेब हसले. "सासू अशी असावी. जावयाचं काम पक्कं करून घेतात."

इथे बाईंनी डाव टाकला. चौथ्या कोअरच्या दिवशी जावयानं दुपारी सिलिंडरमध्ये दुधी पाणी भरलं. रात्रभर पंप आपोआप चालणार होता. पण त्या दिवशी त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. फोन वाजला की तो उठून बाहेर व्हरांड्यात जायचा, भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचा. "मी आज जरा लवकर निघतो, मॅडम. घरी काम आहे." कसलं काम, ते सांगितलं नाही. बाईंनी लेकीला फोन केला, तिनं उचलला नाही. पुन्हा केला, तिचा निरोप आला, "वर्गात आहे." संध्याकाळी कुठली शाळा?

कुठेतरी पाणी मुरत होतं. खोलीत एकट्या राहिल्यावर बाईंनी सिलिंडर रिकामा केला, दुधी पाणी एका बाटलीत ओतून स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. सिलिंडर नेहमीप्रमाणे साबणानं लख्ख धुतला आणि त्यात साधं खारं पाणी भरलं. या कोअरमधून खाऱ्या पाण्यानं जे निघायचं ते आधीच निघालेलं होतं. आता साध्या पाण्यानं टिपूससुद्धा निघायला नको. निघालाच, तर तो दगडातून आलेला नव्हे, माणसाच्या हातून आलेला. लॅबची किल्ली जावयाकडेही होती.

सकाळी नळीत तीन रेघा तेल होतं. वर पांढऱ्या फेसाचं कडं.

बाईंना आनंद झाला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्या स्टुलावर बसल्या. पाचाऐवजी तीनच का? घाईत कमी टाकलं असेल. जावई उशिरा आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. रात्रभर जागलेला चेहरा. आणखी काय पुरावा हवा होता?

त्या बाटली घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"हे तुमचं दुधी पाणी. काल संध्याकाळपासून माझ्या कपाटात आहे. पंपातून साधं खारं पाणी गेलंय. तरी नळीत तेल आलं. कुणी घातलं, विचारा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जावयाला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी बाईंकडे पाहिलं. या वेळी कानाकडे नाही, डोळ्यांत.

"तुम्ही पाणी बदललंत? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर पकडलं कसं असतं?"

"मी काल रात्री इथे आलोच नव्हतो."

"मग कुठे होतात?" साहेबांनी विचारलं.

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"बोला ना, जावईबापू," बाई म्हणाल्या. "घरी काम होतं ना? कसलं काम?"

"ते मी सांगू शकत नाही."

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं," बाई साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी हात पुढे केला आणि जावयानं लॅबची किल्ली त्यावर ठेवली. अहवाल थांबला. तो बाहेर पडताना कोठीवाले काका दारातून बघत होते. त्या दिवशी त्यांनी एकही टोला मारला नाही. बाईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, माझ्याकडे ये. आत्ता." आवाज सपाट, फळ्यावर गणित मांडून झाल्यावरचा.

लेक पलंगावर आडवी होती, पायांखाली दोन उशा. जावई खिडकीशी पाठमोरा उभा. बाईंनी पिशवी खाली ठेवली. "काय झालं ग? ताप आहे का?"

"बस आधी. काल दुपारी मला रक्त जायला लागलं. तिसरा महिना आहे."

"तिसरा? आणि मला..."

"तुला सांगितलं नाही. मीच नको म्हटलं. त्याच्याकडून वचन घेतलं होतं. काल रात्रभर तो दवाखान्यात माझ्या उशाशी स्टुलावर बसून होता. नर्सनं दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत आला. सकाळी मला घरी सोडून तसाच कामावर गेला. आता विचार, कुठे होता ते. नर्सचं नाव देऊ? भिंग घेऊन जा, तिथली पाटी वाच."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. शेवटी त्यांनी विचारलं ते असं:

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू डॉक्टरला विचारलं असतंस की त्याची पदवी खरी का. मग म्हणाली असतीस की गोळ्या जुन्या आहेत. मग म्हणाली असतीस की यानंच मला जड उचलायला लावलं. मला तेव्हा आई हवी होती ग. तपासणी नको होती."

"बाळ ठीक आहे?"

"ठीक आहे. म्हणजे डॉक्टर म्हणाले की ठीक आहे. तपासून घे."

हे शेवटचं तिनं उगाच म्हटलं आणि मग स्वतःच डोळे मिटून घेतले.  बाईंना पहिल्यांदा वाटलं की उठून निघून जावं. दुसऱ्यांदा वाटलं की जावयाची माफी मागावी. तिसऱ्यांदा जे वाटलं ते मात्र त्यांच्या हातचं नव्हतं, इतक्या वर्षांची सवय होती ती. तो नव्हता, तर तेल कुठून आलं?

"तुम्ही नव्हतात," त्या हळूच म्हणाल्या. "मी माझ्या हातांनी साधं पाणी भरलं. मग तीन रेघा आल्या कशा?"

जावई वळला. त्याच्याही अंगात तोच किडा होता. एवढ्या अपमानातही प्रश्न सुटत नव्हता. "नळीत तेल कसं दिसत होतं? स्वच्छ?"

"स्वच्छच. वर नेहमीसारखं फेसाचं कडं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"तुमच्या पाण्याला येतो तो फेस. दुसऱ्या कोअरपासून येतोय."

"माझ्या पाण्याला फेस येत नाही. विद्यापीठात इतके प्रयोग केले, कधी आला नाही. मला वाटलं, इथल्या दगडामुळे असेल." तो दोन पावलं पुढे आला. "आणि काल तर माझं पाणी नव्हतंच. साध्या खाऱ्या पाण्याला फेस कुठून येईल?"

 बाईंनी स्वतःचे हात पाहिले. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी पडलेली, आणि वास... त्यांनी नाकाशी नेले नाहीत, नेण्याची गरजच नव्हती.

"मी सिलिंडर धूत होते," त्या म्हणाल्या. "रोज, तुम्ही गेल्यावर."

"कशानं?"

"साबणानं. भांड्यांच्या."

लेकीनं डोळे उघडले. तेलकट ताट साबणानं का निघतं, हे सांगायला त्या खोलीत कुणाला तज्ज्ञ लागणार नव्हता. खाचांत, कडीत, नळ्यांत राहिलेला साबण पाण्याबरोबर दगडात जात होता आणि दगडाचं तेल सोडवत होता. जितका संशय जास्त, तितका साबण जास्त. जितका साबण जास्त, तितकं तेल जास्त. आणि जितकं तेल जास्त, तितका संशय. बाईंनी चोर शोधायला जी वाट घासली होती, तिच्यावर त्यांच्याच पावलांचे ठसे होते.

जावई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला. मग म्हणाला, "आई, एक विचारू? मुद्दाम नाही ना केलंत?"

"मुद्दाम?"

"मी कायम होऊ नये म्हणून. माझे आकडे बिघडावेत म्हणून."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. असा संशय? माझ्यावर? "अहो, मी कशाला..." असं त्या म्हणाल्या आणि तिथेच अडकल्या. पुढे काय म्हणणार? मी तशी नाही, असं? हेच तर तो सकाळी साहेबांपुढे उभा राहून न बोलता म्हणत होता. लेक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिच्या नजरेतही तोच प्रश्न होता. बाईंना तो दिसला.

"नाही केलं मुद्दाम," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मानू नका. उद्या करून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, उभ्यानंच. साबणाची बाटली टेबलावर ठेवली. साहेब बाटलीकडे बघत राहिले. "तुम्ही, बाई? तुम्ही?" एवढंच ते पुनःपुन्हा म्हणाले. त्यांनी जावयाची किल्ली परत केली. अहवालातल्या फुगलेल्या रेघांवर काट मारली. विहीर ठरली होती, ती रद्द झाली. वर काय कळवायचं या काळजीनं साहेबांचा चहा तसाच निवला.

प्रयोग नव्यानं मांडले गेले. नवा सिलिंडर आला, ज्याला साबण कधी लागलाच नव्हता. ओव्हनमधून मुरलेले कोअर काढले. एका कोअरला फक्त दुधी पाणी, एकाला फक्त साबणाचं, एकाला दोन्ही. मांडणी जावयाची. नव्या सिलिंडरचं तोंड त्यानं कागदाच्या पट्टीनं बंद करून त्यावर स्वतःची खूण केली होती, आणि ती सासूसमोर केली होती. बाईंना ते दिसलं.  त्यांनीही असंच केलं असतं.

फक्त दुधी पाणी दिलेल्या कोअरची नळी वाचायची वेळ आली. बाई सवयीनं पुढे झाल्या, भिंग हातात. जावई नळी आणि त्यांच्यामध्ये उभा राहिला.

"मॅडम, आज मी वाचतो."

"तुम्ही नको."

"का? अजूनही...?"

"तुमचं त्यात काम अडकलंय. तुम्हाला दोनाचे तीन दिसतील. मला रागानं दोनाचा एक दिसेल. किंवा लाजेनं चार." त्यांनी भिंगाची दोरी गळ्यातून काढली आणि कोठीकडे तोंड करून हाक मारली. "काका! इकडे या जरा."

कोठीवाले काका पाय ओढत आले. "मला कशाला? मला यातलं काही कळत नाही, बाई."

"म्हणूनच बोलावलंय. हे धरा. पाणी कुठे संपतं आणि तेल कुठे सुरू होतं, तेवढं बघा. तिथून वर तेलाच्या रेघा मोजा."

"माझा चष्मा जाड आहे हो."

"भिंग त्याहून जाड आहे. मोजा."

काका वाकले. बाई मागे सरकून टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. जावयानं ते पाहिलं. काकांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"फेसबीस आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. स्वच्छ आहे." काका मोजत होते. "दोन. दोनला अगदी थोडं कमी. दोनच म्हणा."

"म्हणा नको. कमी तर कमी."

"बरं बाई, दोनला कमी."

जावयानं श्वास सोडला. चेहरा पडला होता, पण वाकून चालणारा तो माणूस त्या क्षणी ताठ उभा होता. दारात साहेब येऊन थांबले होते. "दोन रेघांवर विहीर मिळत नाही," ते म्हणाले. मग टेबलावरच्या साबणाच्या बाटलीकडे नजर गेली. "पण आणखी कोअर मिळतील. आणि मागे साबण आणि दुधी पाणी मिळून पाच का आले, तेही बघा एकदा. तुमची मुदत वाढवून मागतो."

बाईंनी आकडा लिहिला, दोनला कमी, आणि खाली सही न करता कागद काकांपुढे सरकवला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा लॅबच्या कागदावर सही केली, जीभ बाहेर काढून, शाळकरी पोरासारखी.

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. बाईंची नजर आपोआप दाराकडे गेली. आता तो उठून व्हरांड्यात जाणार, भिंतीकडे तोंड करणार. तो जागचा हलला नाही. तिथेच, सगळ्यांसमोर त्यानं फोन कानाला लावला.

"हं, बोल. झालं वाचून. आई इथेच आहेत," तो लॅबमध्ये म्हणाला, आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

बाईंनी हात टेबलावरून उचलले, पदराला पुसले आणि फोन घेतला.

"किती आलं, आई?" लेकीनं विचारलं.

"दोनला कमी."

 लेक म्हणाली, "नक्की?"

"काकांनी वाचलंय," भिंगबाई म्हणाल्या.

"मग ठीक. आणि उद्या दहाला दवाखान्यात जायचंय. येतेस? पण एक अट आहे."

"काही विचारणार नाही."

"एक प्रश्न चालेल. फक्त एक."

बाई विचारात पडल्या. कुठला एक निवडावा, हे ठरवायला त्यांना आता उद्यापर्यंतचा वेळ होता.